कडक भाकरी कुठे मोडते

पुण्याहून सोलापूरला निघालो तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची एक पिशवी आणि घडी घातलेल्या पुठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा होता. रेल्वेच्या डब्यात तो गठ्ठा वरच्या फळीवर बसेना. शेवटी दाराजवळ उभा करून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची माफी मागत राहिलो. समोर बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "शोकेस बनवताय का?" मी म्हणालो, "नाही, भाकरीसाठी आहे." त्यांनी एकदा गठ्ठ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेपर उघडला.

मी पुण्यात मालवाहतूक आणि पुरवठा साखळी हा विषय शिकवतो. माल तयार होतो तिथपासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत तो किती हातांतून आणि गाड्यांतून जातो, कुठे नासतो, मधला एखादा दुवा निखळला तर सगळं बंद पडतं की चालू राहतं, एवढाच खरं तर हा विषय. हल्ली त्यात दोन गोष्टींवर भर असतो. साखळी धक्का सोसणारी हवी आणि तिच्यात नासाडी होता कामा नये. मीही त्यावर पुष्कळ लिहिलं आहे. पण पन्नाशी उलटल्यावर एक टोचणी लागली होती, की माझ्या लिखाणामुळे कुणाचं एक खोकंसुद्धा नीट पोचल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यामुळे लहान उत्पादकांवरच्या अभ्यासाला मंजुरी मिळाली तेव्हा मी सोलापुरातलं कडक भाकरीचं एक केंद्र निवडलं.

ज्वारीची पातळ भाकरी भाजून झाली की ती मंद आचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत ठेवतात. मग ती महिनोन् महिने टिकते. शीतगृह लागत नाही, घाई लागत नाही. टाळेबंदीत गाड्या थांबल्या तेव्हा या केंद्रातला माल तसाच पडून राहिला आणि रस्ते उघडल्यावर विकला गेला. धक्का सोसणारा माल म्हणून वर्गात सांगायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नसतं. तिचा शत्रू एकच, ती मोडते. केंद्राचा बहुतेक माल पुण्यातलं एक मोठं दुकान घेत होतं. त्या दुकानाने कळवलं होतं की पाकिटातल्या भाकऱ्या मोडलेल्या निघतात, पुढची खेप अशीच आली तर माल घेणं बंद. माझा गठ्ठा म्हणजे त्यावरचा उपाय होता. रद्दी पुठ्ठ्याची, आत कप्पे असलेली, घडी होणारी आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारी खोकी मी बनवून घेतली होती.

भिगवणनंतर खिडकीतून उजनीचं पाणी दिसू लागलं आणि बराच वेळ सोबत राहिलं. जेऊरला केळीच्या बागा रुळांपर्यंत आलेल्या दिसल्या. पुढे कुर्डुवाडी सोडली की हिरवं कमी होत जातं आणि जमीन सपाट, काळी, उघडी पडते. सोलापूरला उतरलो तेव्हा दुपार होती. फलाटावरचा हमाल म्हणाला, "ऊन लई हाय सायेब, टोपी घाला." टोपी मी घरी विसरलो होतो.

केंद्राच्या प्रमुख सुरेखाताई. वय माझ्याएवढंच असेल, बोलणं भराभर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ज्वारी घ्यायला वैरागला निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर मीही एसटीत बसलो. साखळी पहिल्या कडीपासून बघावी असा माझा आग्रह. वैरागच्या बाजारात भुसाराच्या (धान्याच्या) दुकानासमोर शाळू ज्वारीचे ढीग लागलेले होते. सुरेखाताई मूठभर दाणे घ्यायच्या, फुंकर मारायच्या, एक दाताखाली धरायच्या. मी कशासाठी आलोय हे त्यांनी दुकानदाराला सांगितलं.

"भाकरीवर संशोदन?" तो गल्ल्यावरून म्हणाला. "खाऊन बगा की. दुसरं काय संशोदन करायचं त्यात?"

"पुण्याला जाताना मोडतात म्हणून बघतोय."

"मोडनारच. हितनं पुण्यापातुर मानूस मोडतोय, भाकरी काय घेऊन बसलात." मग सुरेखाताईंकडे वळून, "ताई, पोतं नेताय का मास्तरला भाव शिकवताय?"

परत येताना पोत्यांवर पाय ठेवून बसलो. खिडकीतून मैलोन् मैल ज्वारीची कापलेली रानं आणि कडब्याच्या गंजी दिसत होत्या. सुरेखाताईंनी पिशवीतून भाकरी, शेंगाचटणी आणि दही काढलं. भाकरीचा तुकडा मोडताना झालेला आवाज पुढच्या बाकावरच्या लहान मुलीने वळून बघण्याइतका मोठा होता.

केंद्र अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला आहे. एक लांबट पत्र्याची शेड, शेजारी पिठाची गिरणी. भाकऱ्या इथे होत नाहीत. आसपासच्या तीन-चार गल्ल्यांतल्या बायका आपापल्या घरी त्या करतात, सलीमभाईची मालरिक्षा दारोदार फिरून माल आणते आणि इथे निवड झाली की त्याच बायका येऊन पाकिटं बांधतात. निवडीचं काम निलव्वा करायची. सगळे तिला आक्का म्हणत. साठीच्या पुढची, कपाळाला विभूतीचे पट्टे. माहेर कर्नाटकाच्या हद्दीजवळचं, त्यामुळे बोलताना मधेच कानडी शब्द यायचे. पूर्वी भाकरी थापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बोटांचे सांधे आखडल्यावर ती निवडायला बसली.

भाकरी डाव्या हातावर धरायची आणि मधोमध टिचकी मारायची. चांगली भाकरी मडक्यासारखी टणकन वाजते. बारीक तडा गेला असेल तर आवाज बद्द येतो, डोळ्यांना काही दिसत नसलं तरी. तडकलेली भाकरी वाटेत हमखास मोडते, म्हणून ती इथेच बाजूला काढायची. या केंद्राची एक रीत होती. आक्का जी टाकेल आणि जी मोडून येईल ती भाकरी आक्काची. निवडीबद्दल वेगळा पगार नाही. थापणारीला फक्त पास झालेल्या भाकरीचे पैसे. आक्काची लेक महादेवी यंत्रमागांच्या वस्तीत खानावळ चालवते, तिथे हे तुकडे जायचे.

वैरागहून आम्ही केंद्रावर पोचलो तेव्हा निवड जोरात चालली होती. पद्मा नावाची थापणारी स्वतः माल घेऊन आली होती. विणकरांच्या घरातली सून, घरात तेलुगू, बाहेर मराठी.

"आक्का, माज्याच का टाकतीस गं? सासू हाईस का?" ती जवळ जवळ ओरडूनच म्हणाली.

"सासू असते तर थापायला शिकवलं असतं. तुज्या सासूनं नुस्तं खायाला शिकवलंय."

बायका हसल्या. त्या आक्काशी फार मोठ्याने बोलतात हे माझ्या लक्षात आलं होतं. शेजारी गिरणी आहे म्हणून असेल असं मी धरून चाललो.

आक्काच्या शेजारची दुरडी मोडक्या भाकऱ्यांनी भरलेली होती. मला आनंद झाला, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. गल्लीपासून शेडपर्यंतच्या एवढ्याशा वाटेत जर इतकं मोडत असेल तर माझ्या खोक्यांचं काम तिथेच आहे. आदल्या दिवशीच इथे ठेवलेली खोकी मी लगेच उघडून बायकांना वाटली, कप्प्यांत भाकऱ्या उभ्या कशा ठेवायच्या ते दाखवलं. एकजण म्हणाली, "अंडी ठेवायचा ट्रेच हाय की ह्यो." तेच नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी सगळा माल ट्रेमधून आला. दुरडी आदल्या दिवशीइतकीच भरली.

खोकी कुठे दबली नव्हती, कप्पे नीट होते. मग उरली रिक्षा. सलीमभाई बाहेर सावलीत उभा होता. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "गाडी खड्ड्यांतून आपटत आणता का?"

"मेरी रिक्षा?" त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सर, मैं इसमें दूध लाया तो साय नै हिलती. कल सुबू तुमे बैठके देखो ना. पीछे बैठो, माल के साथ."

"बसतो."

"हौ. फिर बोलो किसका हड्डी मोडता सो."

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा यायच्या आधीच मी चालत पद्माच्या दारात गेलो. दार उघडं होतं. ती उंबऱ्याच्या आत बसून ट्रे भरत होती, मी शिकवलं होतं तसाच, फार व्यवस्थित. शेवटचा कप्पा भरल्यावर तिने उरलेली एक भाकरी घेतली, गुडघ्यावर ठेवून मधोमध मोडली आणि दोन्ही अर्ध्या ट्रेवर ठेवल्या.

"हे काय केलंत?"

ती दचकली नाही. "आक्काची हाय ती."

"म्हणजे?"

पद्माने बाहेर डोकावून पाहिलं आणि मला आत बोलावलं. "तिला ऐकू कमी येतंय, सर. वरीस झालं आसंल. टिचकी मारती, पर आवाज कळत न्हाय. तडकलेली बी पास करती. मग टाकायला तिच्याकडं काय उरतंय? दुरडी रिकामी दिसली की तिला कळंल न्हवं? म्हनून आमी एकेक मोडून घालतो. वर माज्याच का टाकतीस म्हनून भांडतो बी."

"सगळ्याजणी?"

"सगळ्या. सुरेखाताई बी घालत्यात कवातरी. आमाला थापायला तिनंच शिकवलंय की."

"आणि तडकलेल्या पास होतात त्या पुण्याला जाऊन मोडतात."

"आमी घरी वाजवून बगतो. पर पोरांच्या शाळंच्या टायमाला कोन वाजवत बसतंय." तिने ट्रेचं झाकण लावलं. "तुमी बगितलं न्हाय असं करा."

मी "बरं" म्हणालो.

रिक्षात मागे, मालाबरोबर बसून मी शेडकडे निघालो. सलीमभाई खरंच फुलासारखी गाडी चालवत होता. मी त्याची माफी मागितली. त्याने आरशातून पाहिलं. "मेरेकू मालूम था."

"मग काल बोलला का नाहीत? मी तुमच्यावर आळ घेतला."

"मैं कैकू बोलूं? गाडी पे बोले तो गाडीकू क्या लगता. आक्काकू लगेगा ना."

माल उतरवल्यावर तो मला जेवायला महादेवीच्या खानावळीत घेऊन गेला. यंत्रमागांचा खटखटाट तिथे भिंतीतून ऐकू येतो. पाळी सुटलेले कामगार बाकांवर बसलेले. थाळीत तुकड्यांचा चुरा, त्यावर लालभडक उकळती आमटी, वर कच्चा कांदा आणि कच्चं तेल. चुरा भिजून मऊ पडतो, पण मधेच एखादा कडक कण दाताखाली येतो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. महादेवी म्हणाली, "पुन्याचं हाईत. भात वाढ रं सलीम त्यांना." मी आणखी चुराच मागितला. शेजारचा कामगार म्हणाला की गव्हाची पोळी खाल्ली तर दुपारपर्यंत तग धरत नाही, म्हणून ते इथेच येतात. जेवताना मला समजत होतं की आक्काच्या कानाची गोष्ट उघड झाली तर ही थाळी बंद पडेल, आणि नाही झाली तर केंद्राचं एकमेव मोठं गिऱ्हाईक जाईल.

इतकं समजल्यावर मी गप्प बसायला हवं होतं, किंवा सुरेखाताईंशी खासगीत बोलायला हवं होतं. निवडीला आणखी एका बाईला बसवा, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मला वाटलं, माझ्याजवळ पद्माचा शब्द आहे, पुरावा नाही. ऐकीव गोष्टीवर निष्कर्ष लिहायचा नाही अशी तीस वर्षांची सवय. दुपारी शेडमध्ये कुणी नसताना मी काही चांगल्या भाकऱ्या घेतल्या, अंगठ्याने हलकेच दाबून तडा पाडला, वरून दिसणार नाही असा, आणि त्या आक्काच्या ढिगात मिसळल्या. मग समोर जाऊन बसलो.

आक्का आली. ढीग पुढे ओढला. टिचकी, पास. टिचकी, पास. मी तडा पाडलेली पहिली भाकरी पास झाली. दुसरीही. बायका पाकिटं बांधत होत्या. गिरणी बंद होती, त्यामुळे बद्द आवाज मला समोरून स्वच्छ ऐकू येत होता.

आक्काने हात थांबवला. "सर, माज्या तोंडाकडं का बगताय?"

"काही नाही आक्का."

"मगाधरनं भाकरीकडं बगतच न्हाय तुमी. ह्यात काय घातलंय?"

मी नाही म्हणू शकलो असतो. ते खोटं झालं असतं, पण बरं झालं असतं. मी उठलो, पास झालेल्या ढिगातून त्या भाकऱ्या वेचून काढल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या. तिने एक उचलली, कानाजवळ नेऊन टिचकी मारली. मग दुसऱ्या कानाजवळ. मग पद्माच्या हातात दिली.

"वाजीव."

पद्माने वाजवली.

"काय येतंय?"

पद्मा भाकरी हातात फिरवत राहिली.

"पद्मा, काय येतंय म्हनते मी."

"बद्द येतंय, आक्का."

आक्काने दुरडी ओढून घेतली. त्यातले दोन अर्धे तुकडे काढून एकमेकांना जोडून पाहिले, मग दुसरे दोन. सगळे बरोबर मधोमध मोडलेले. "गाडीत मोडली की कडा उडत्यात. ही हातानं मोडलीया," ती म्हणाली, आणि एकेका बाईकडे पाहत गेली. जिच्याकडे पाही ती मान खाली घाली. सुरेखाताईंनीही घातली.

"साकु (पुरे)," आक्का म्हणाली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, चपला घातल्या आणि दुरडी तिथेच ठेवून गेली.

मग सुरेखाताई म्हणाल्या, "पद्मानं तुमाला सांगितलं हुतं न्हवं? मग आनि काय बगायचं ऱ्हायलं हुतं?"

मी त्या तडकलेल्या भाकऱ्या उचलून दुरडीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी आक्काची जागा रिकामी. पद्माला तिथे बसवलं, तर ती त्या जागेवर न बसता शेजारी पोतं घालून बसली. मी चालत खानावळीत गेलो. आक्का दारात शेंगा निवडत होती.

"बसा. चुरा न्हाय आज. भात हाय."

"आक्का, माझं चुकलं," मी तिच्याजवळ बसून मोठ्याने म्हणालो.

"आता वरडू नगा. तोंडाकडं बगितलं की कळतंय मला. काय चुकलं? मला ऐकू येत न्हाय ह्ये खोटं हाय का?"

"खोटं नाही."

"मग?"

"न सांगता बघितलं. सगळ्यांसमोर."

"त्ये चुकलं." तिने एक खवट दाणा बाजूला टाकला. "घरी येऊन सांगितलं आसतं तर मी दोन शिव्या घातल्या आसत्या आनि मग ऐकलं आसतं."

आतून महादेवी म्हणाली, "मी वरीसभर सांगतेय. तर म्हनायची, तूच तोंडातल्या तोंडात बोलतीस. आता दवाखान्यात न्हेते, कानाला मशीन बसवायला."

"बगू," आक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुमचा राग न्हाय मला. तुमी परकं. त्या पोरी मातुर... रोज एक भाकरी म्हंजी त्यांच्या मजुरीतली गेली की. मी सांगत फिरते, कुनाचं फुकट खात न्हाय, माज्या कानाचं खाते. आनि खात कुनाचं हुते? पोरींच्या ताटातलं."

"त्यांनी मायेनं केलं, आक्का."

"मायेनंच केलं. म्हनून तर कुनाला शिवी देता येईना."

मला राहवेना. काहीतरी भरपाई केल्याशिवाय बसवत नव्हतं. मी म्हणालो, "चुरा पाकिटात भरून पुण्यात विकता येईल. त्याचं सगळं तुमच्याकडे..."

"म्हंजी चांगल्या भाकऱ्या मुद्दाम मोडायच्या आनि पाकिटात भरायच्या?"

"हो, तसंच काहीसं."

"पुन्यात घेत्यात व्हय असलं?"

"घेतील."

"बेडा (नको)," आक्का म्हणाली. "महादेवी, सरांना भात वाढ. उपाशी डोकं चालतंय त्यांचं."

भात खाल्ला. निघताना मी पुन्हा माफी मागितली, तर ती म्हणाली, "झालं की एकदा मागून. किती मागताय."

शेवटच्या दिवशी सकाळी माल आणायला रिक्षा निघाली तेव्हा मी मागे रिकाम्या खोक्यांजवळ बसलो होतो. पहिल्याच वळणावर आक्का उभी होती. तिने हात केला, सलीमभाईच्या शेजारी चढून बसली आणि म्हणाली, "चल."

"किधर आक्का?" सलीमभाईने तिच्याकडे तोंड वळवून विचारलं.

"जिकडं तू जातोस तिकडं."

पहिल्या घरी ती स्वतः उतरली. "ट्रे उघड," म्हणाली. त्या बाईने उघडला. वर मोडकी भाकरी नव्हती. आक्का पुढे गेली. दुसऱ्या घरीही नव्हती. तिसऱ्या घरातली बाई पदराखाली काहीतरी धरून उभी होती. आक्काने पदर बाजूला केला. दोन अर्ध्या भाकऱ्या.

"सवयीनं मोडली गं आक्का," ती म्हणाली.

"खा."

"आता?"

"आता. हितं उबं ऱ्हाऊन. सगळी."

ती बिचारी कोरडी भाकरी कडाकडा चावत उभी राहिली. आतून तिच्या सासूने पाण्याचा तांब्या आणून दिला. आक्का कमरेवर हात ठेवून शेवटचा घास उतरेपर्यंत थांबली. "माज्या नावानं परत एक बी मोडायची न्हाय. रोज येनार हाय मी." सलीमभाई हँडलवर डोकं टेकवून हसत होता.

पद्माच्या दारात मात्र ती उतरली नाही. पद्मा ट्रे घेऊन बाहेर आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आक्का म्हणाली, "निवडायला नीट बसत जा. पोतं काय घालून बसतीस भिकाऱ्यागत. जागा हाय ती बसायची." आणि सलीमभाईच्या दंडावर चापट मारली. "चल."

त्या दिवशीचा माल पद्माने निवडला, मी खोक्यांत भरला आणि दुपारच्या एसटीने घेऊन निघालो. कंडक्टरने खोकी मागच्या बाकाशेजारी ठेवू दिली. "काय हाय?" "भाकरी." "कडक? मग एक काढा की." मी पाकीट फोडून काढली. त्याने टिचकी मारून पाहिली आणि खाल्ली. मोहोळ, टेंभुर्णी मागे पडलं. उन्हाने बाहेर बघवत नव्हतं. इंदापूरला चहासाठी गाडी थांबली तेव्हाही मी खोक्यांपाशीच बसून राहिलो. इतक्या लोकांना दुखवून आणलेली भाकरी वाटेत मोडली तर काय, ही भीती होती.

मोडली नाही. दुकानात खोकी उघडली तेव्हा कोपऱ्यातल्या एखाद-दुसऱ्या भाकरीची कड उडाली होती, बाकी सगळ्या शाबूत. व्यवस्थापक खूश झाले. "सर, तुमच्या खोक्यांनी कमाल केली. ऑर्डर चालू ठेवतो आम्ही." मी म्हणालो, "हो, खोकी चांगली आहेत." ते पूर्ण खरं नव्हतं. बदललेली गोष्ट खोकं नव्हतं, निवडणारा कान होता. पण ते त्यांना सांगायचा हक्क आता मला आहे असं वाटलं नाही.

अहवालात मी लिहिलं की निवडीचं काम एकाच व्यक्तीवर सोपवणं धोक्याचं आहे, निदान दोघीजणी हव्यात, आणि एकाच गिऱ्हाइकावर केंद्राने विसंबू नये. हे बरोबर आहे. बायका रोज एक भाकरी मोडत होत्या हे मी कुठे लिहिलं नाही, कारण ते कोणत्या मथळ्याखाली घालावं हे कळेना. माझ्या विषयात त्याला नासाडी म्हणतात. मी तीच काढून टाकायला गेलो होतो आणि ती काढून टाकली. कुणाला तरी सांभाळण्यासाठी साखळीत मुद्दाम ठेवलेली ढिलाई आणि निष्काळजीपणाने होणारं नुकसान, कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. जाऊन पाहिल्यावर वेगळी दिसतात, पण मी पाहिल्यावरही थांबलो नाही. सोलापूरला मी काय शिकलो असं घरी विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं. बायको म्हणाली, "मग पुढच्या वेळी थांब."

महिन्याभराने सुरेखाताईंना फोन केला. पुण्याची खेप नियमित जात होती. आक्का रोज रिक्षातून फिरत होती.

"त्या कामाचं काय देता तिला?" मी विचारलं.

"देतो की. घेत न्हवती. म्हनायची, बसून फिरायचं कसलं पैसं. लई भांडली. काल पयल्यांदा म्हनाली, पैसं नगं, भाकऱ्या द्या, पर अख्ख्या द्या. आनि स्वताच ढिगातनं एकेक उचलाया लागली."

"टिचकी मारून?"

"टिचकी मारून. मारायची आनि पद्माकडं बगायची. पद्मानं मान हलवली की दुरडीत टाकायची."